छटांचं पान

ओलं कापड सुक्या कापडापेक्षा गडद दिसतं. धाग्यांमधल्या फटींत हवेऐवजी पाणी भरलं की प्रकाश कमी विखुरतो; तो कापडात आत शिरतो आणि बराचसा तिथेच राहतो. त्यामुळे रंगाच्या टाकीतून नुकत्याच काढलेल्या कापडावर माझी मावशी कधी विश्वास ठेवत नसे. त्याचा एक कोपरा इस्त्रीखाली सुकवायचा, खिडकीशी न्यायचा आणि मगच मान डोलवायची, ही तिची पद्धत.

लोक तिच्याकडे विटलेले कपडे घेऊन येत. कुणाचा जुना कोट, कुणाचे पडदे. मूळ रंग कोणता होता हे कुणालाच नीट आठवत नसे. मावशी दुमडीची शिवण उसवून आत बघायची. तिथे ऊन पोचलेलं नसतं, म्हणून पहिला रंग शाबूत असतो. मग तो तुकडा डोळ्यांसमोर ठेवून ती टाकीत रंग कालवायची. कपडा परत नेणारा माणूस हमखास म्हणायचा, “अरे, हा असा होता!”

वेबसाइटची कल्पना माझ्या मामेभावाची. तो वेबसाइट बनवायचंच काम करतो. उंच आणि काटकुळा म्हणून मावशीने लहानपणी त्याचं नाव पेन्सिल ठेवलं आणि तिशी उलटली तरी ते सुटलं नाही. दूरच्या गिऱ्हाइकांनी साइटवर छटा निवडायची, कपडा पार्सलने पाठवायचा, असा त्याचा बेत. मावशीला बेत आवडला. फक्त एकच गोष्ट तिने बजावली : “छटांचं पान माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. रंग चुकला तर बोल मला लागतो, तुझ्या मशीनला नाही.”

अडचण त्या डोळ्यांचीच होती. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवून बरेच दिवस झाले होते. विषय निघाला की ती “बघू” म्हणायची आणि टाकीकडे वळायची. ती घाबरते, असं आम्ही धरून चाललो होतो.

स्क्रीनवरचा आराखडा तिच्या पचनी पडेना, तेव्हा पेन्सिलने एकेक पान मोठ्या कागदावर काढलं आणि कपडे वाळवायच्या दोऱ्यांवर चिमट्यांनी टांगलं. पहिल्या दोरीवर मुखपृष्ठ, त्यामागे छटा, मग दर, शेवटी पत्ता आणि फोन. टाक्यांची वाफ कागदांमधून हळूहळू वर जात होती. अजून कुठेच नसलेल्या दुकानात आम्ही तिघं फिरत होतो. वाऱ्याने पान हललं की त्यामागचं पान क्षणभर दिसे आणि पुन्हा नाहीसं होई. माझ्या हातात चहाचा कप होता, पण आपण जागे आहोत की नाही याची मला तितकीशी खात्री नव्हती.

“छटांकडे जायला एवढं वाकावं लागतं?” दोरीखालून जाताना मावशी म्हणाली.

“आत्या, तिथे बटण असेल.”

“मग लाव ना बटण. लोकांच्या कमरेवर का उठलायस?”

त्याने मुकाट्याने कागदावर बटण काढलं. तिने त्यावर बोट दाबलं, कागदापलीकडे गेली आणि तिथून आम्हा दोघांनाही ऐकू येईल असं म्हणाली, “आले बाई!”

छटांचं पान मात्र अडलं. खिडकीशी सावलीत लॅपटॉप ठेवला आणि मावशी त्याच्या कडेला कापडाचे नमुने धरू लागली. तपकिरी जमला. लाल जमला. हळदी पिवळ्यावर ती चक्क हसली. निळ्यावर आल्यावर तिचा हात थांबला.

“हा मेलेला आहे रे. माझा निळा कुठाय?”

पेन्सिलने निळा वाढवला.

“अजून.”

त्याने अजून वाढवला. दुसऱ्या दिवशी तो दुसरा लॅपटॉप घेऊन आला, त्यावरही तेच झालं. शेवटी तिने “हां, आता जुळला” म्हटलं, तेव्हा तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “ताई, तुला काय दिसतंय?”

मला कापडावर शांत, खोल निळा दिसत होता. स्क्रीनवर गॅसची ज्योत पेटली होती.

मी भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून मला कारण कळलं. मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा प्रकाश अडवतं. कापडाशेजारी कापड धरलं की दोन्हींतला निळा साधारण सारखाच उणा होतो, म्हणून मावशीचं काम आजवर बिनचूक चाललं होतं. स्क्रीनचा निळा वेगळा. तो एका बारीकशा पट्टीत असतो, आणि नेमकी तीच पट्टी तिचं भिंग गिळत होतं.

मी तिला हे जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या तऱ्हेने सांगणं मला जमत नाही.

“म्हणजे मशीन खरं आणि मी खोटी?”

“खोटं कुणीच नाही. तुझ्यापर्यंत निळा कमी पोचतोय, एवढंच.”

“आत्या, निळ्या छटा ताईला ठरवू दे ना,” पेन्सिल म्हणाला. “पाचच मिनिटांचं काम.”

“आणि टाकीत रंग कोण कालवणार? तीच? मग मी काय, दारात बसून पार्सलं मोजू?”

मावशी दोऱ्यांमध्ये शिरली. कागदांमागे तिची सावली कधी दरांवर दिसे, कधी पत्त्यावर. मग ती छटांच्या पानामागे थांबली.

“ऑपरेशनला मी घाबरत नाही,” ती पलीकडून म्हणाली. “माझ्या डोक्यात इतक्या वर्षांचे रंग आहेत. पुस्तकात नाहीत, कुठे लिहिलेले नाहीत. उद्या डोळे उघडल्यावर सगळेच बदललेले दिसले, तर मी भरवसा कुणाचा धरू? डोक्यातल्यांचा, की समोरच्यांचा?”

मी निळा नमुना उचलून कागदाच्या कडेने तिच्यापुढे धरला.

“हा निळा तुला कसा दिसतो?” तिने विचारलं. “वैज्ञानिकासारखं नको सांगू.”

“दिवेलागणीच्या जरा आधी खिडकीच्या काचेत असतो ना, तसा.”

“तिथे मला राख दिसते गं.” ती म्हणाली. “कधीपासून, तेही आठवत नाही.”

वाफ विरळ झाली होती. मावशी कागद बाजूला सारून आमच्याकडे आली. दोऱ्यांखालच्या टाकीतलं कापड काठीने एकदा उलटं करून घेतलं, हात पुसले.

“दोन्ही डोळे एकदम करतात?”

“नाही. आधी एक. दुसरा काही आठवड्यांनी.”

“म्हणजे मधल्या काळात एक जुना, एक नवा.”

“हो.”

तिने तळव्याने डावा डोळा झाकला आणि नमुन्याकडे पाहिलं. मग उजवा झाकून पाहिलं. दोन्ही वेळा तिला एकच दिसलं असणार. तरी ती पुन्हा पुन्हा करत राहिली, नवीन हत्यार हातात धरून बघावं तशी.

“मग ताळा करता येईल,” ती म्हणाली. “नवा काय म्हणतो ते जुन्याला विचारायचं. एकेक छटा. ए पेन्सिल, निळ्याची जागा रिकामी सोड. तुझा तो भडक दिवा विझव आधी.”

“किती दिवस रिकामी ठेवू, आत्या?”

ती माझ्याकडे वळली.

“डॉक्टरांना फोन लाव. सांग, ऑपरेशन करायचंय. डावा आधी.”