सशाचं चित्र असलेलं क्रीम

माझी धाकटी जाऊ ग्रिमाल्दा घरोघर फिरून क्रीम विकते. डबीवर सशाचं चित्र आहे. म्हणजे हे क्रीम बनवताना कुठल्याही प्राण्यावर प्रयोग केलेला नाही. ते चित्र तिने पेरू देशातल्या आमच्या अख्ख्या वांकायो शहराला दाखवून झालंय. रविवारी ताटात भाजलेलं गिनीपिग आलं, की बाईसाहेबांचं प्रवचन सुरू.

"ताई, प्रयोगशाळेत या बिचाऱ्यांना कसलीकसली क्रीमं फासतात गं!"

"मग मांडी नको ना तुला?"

"दे की! मी खाण्याबद्दल कुठे बोलतेय?"

परवा रात्री तिने स्वतःच ते क्रीम थापलं आणि सकाळी तोंड भोपळ्यासारखं सुजलं. डॉक्टरकडे जायचं सोडून ती मला ओढत झाडफूक करणाऱ्या युस्ताकिया आजीकडे घेऊन गेली. आजी जिवंत गिनीपिग आजाऱ्याच्या अंगावरून फिरवते. आजार त्याच्यात उतरतो. मग त्याला चिरून ती रोग सांगते. इथे सगळेच जातात तिच्याकडे, मीसुद्धा.

आजीने एक काळंभोर गिनीपिग ग्रिमाल्दाच्या अजून क्रीम लागलेल्या गालांवरून, कपाळावरून खसाखसा घासलं. क्रीमने माखलेलं ते बिचारं तडफडून मेलं. आजीने ते चिरलं, आत बोट फिरवलं आणि म्हणाली, "पोरी, तुझं क्रीमच वाईट आहे."

ग्रिमाल्दाने भोकाड पसरलं. "घरी अजून पेटीभर डब्या पडल्यात गं, ताई!"

"मग विक की," मी म्हटलं. "फक्त त्यांच्यावरचा ससा तेवढा खरवडून काढ."