पहिल्या हाकेला ओ

आमच्याकडे जंगलात कुणी नावाने हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नसे. दुसरी हाक आली की मगच द्यायची. आई म्हणे, "माणूस दुसऱ्यांदा बोलावतो. जंगल एकदाच बोलावते."

हे तिने कुणाकडून ऐकलेले नव्हते, भोगलेले होते. तिचा थोरला भाऊ, आमचा डोमामामा, बांबू तोडायला गेला असताना कुणीतरी "डोमा" म्हणाल्यासारखे वाटले, म्हणून तो "ओ" म्हणत झाडीत शिरला. सोबतच्यांना फक्त त्याची कुऱ्हाड सापडली. आई तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने पुढे आम्हा दोघा भावंडांना चालायला शिकवायच्या आधी गप्प राहायला शिकवले, असे बाबा चेष्टेने म्हणत.

बाबा, म्हणजे देवाजी मुन्शी, आलापल्लीच्या लाकूड डेपोत सागाच्या ओंडक्यांवर हातोड्याने नंबर आणि तारीख मारत. आमचे घर डेपोपासून कोसभर, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, कडेला. बांध्या संपल्या की मोहाची झाडे आणि तिथून पुढे जंगल. शाळेत माझा भाऊ गुणवंत हजेरीला पहिल्यांदा नाव घेतले की गप्प बसे, आणि गुरुजी गैरहजेरी मांडत. शेवटी गुरुजींनीच हार मानली. आमची दोघांची नावे ते दोनदा घेऊ लागले.

हा गुणाभाऊ नागपूरला कॉलेजात गेला आणि विमानांच्या नादी लागला. सोनेगावच्या विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभा राहून तो टपालाची विमाने बघत बसे आणि मला पत्रात त्यांची चित्रे काढून पाठवी. मी ती चित्रे तांदळाच्या कोठीमागे लपवून ठेवत असे. सत्तावन्न सालच्या माघात तो कुणाला न सांगता उत्तरेकडे गेला आणि हवाई दलाच्या निवडीला बसला. फाल्गुनात घरी पत्र आले. वैमानिकाच्या शिक्षणासाठी निवड झाली होती. पंधरा दिवसांत वडिलांच्या सहीचा कागद परत पाठवायचा होता.

बाबांनी कागद दोनदा वाचला, टोपी काढली, पुन्हा घातली.

"सही माझी लागते," ते म्हणाले. "पण 'हो' तुझ्या आईचं लागते."

आई चुलीपुढे होती. ती म्हणाली, "जमिनीवर काही कमी पडून राह्यलं का याले? रेंजरसाहेब म्हणून राह्यले ना, पोराले जंगल खात्यात चिकटवतो म्हणून? आपलं जंगल, आपलं घर. सांजच्याले हाक मारली त ओ देईल एवढ्या दुरून तरी. तिथी वरती कोण याले हाक मारते?"

मला वाटले, गुणाभाऊ भांडेल. पण तो उठून बांध्यांकडे निघून गेला. पुढचे चार दिवस असेच गेले. कागद देवाच्या फोटोमागे पडून होता आणि हा बाबांबरोबर डेपोत जाऊन ओंडके मोजत बसे. मी त्या वेळी चौदा वर्षांची होते. मला त्याचा भारी राग आला.

"आई नाई म्हणते म्हणून तू गप्प बसला का रे?" मी विचारले. "काऊन समजावत नाई तिले?"

"तिच्यामुळं नाई, कमळे," तो म्हणाला. "माह्यामुळं."

मग त्याने मला सांगितले. निवडीच्या दिवशी हॉलबाहेर तीसेक मुले बाकांवर बसली होती. शिपायाने येऊन याचे नाव पुकारले. हा समोरच बसलेला, पण तोंडातून शब्द निघेना. शिपायाने इकडेतिकडे पाहिले आणि पुढच्या मुलाला आत नेले. बऱ्याच वेळाने पुन्हा नाव पुकारले, तेव्हा हा ताडकन उठला. आत साहेबांनी विचारले, पहिल्यांदा कुठे होतास? याने खरे ते सांगितले. डोमामामाचेही सांगितले. सगळे साहेब हसले. एक म्हातारा साहेब मात्र हसला नाही. तो म्हणाला, "वर आकाशात वायरलेसवर हाक येते ती एकदाच येते, बेटा. दुसरीची वाट पाहिलीस तर ती ऐकायला तू नसशील. जमेल का?"

"मग तू काय म्हटलं?"

"म्हटलं, जमेल." तो मोहाच्या झाडाला टेकून उभा होता. "पण खोटं बोललो, कमळे. माही जीभ मले माहीत आहे. पहिल्या हाकेले ती उठतच नाई. उद्या वर काही झालं, तर माह्यासंगं दुसरा कोणी मरंल. त्यापेक्षा रेंजर झालेलं बरं."

हे त्याने कुणालाही सांगू नकोस म्हटले होते. मी त्याच संध्याकाळी आईला सांगितले. मला ते पोटात ठेवता आले नाही आणि खरे सांगायचे तर ठेवायचेही नव्हते. आई निवडत असलेले तांदूळ सुपात तसेच धरून बसली. मग एवढेच म्हणाली, "मी शिकवलेलं त्याले आडवं आलं म्हण की." आणि पुन्हा निवडू लागली.

ते मोहफुलांचे दिवस होते. उजाडता उजाडता आम्ही टोपल्या घेऊन निघायचो. आई, मी आणि शेजारच्या टोल्यावरच्या वस्तीतली सुकरीबाई. जो तो आपापल्या झाडाखाली. मोहावर अस्वले येतात, म्हणून बायका अधूनमधून एकमेकींना हाका मारत. दोन हाका, मग ओ. दुसऱ्या दिवशी आई गुणाभाऊला म्हणाली, "आज तूही चाल. चार टोपल्या जास्ती होतील." त्याला तिने दूरच्या झाडाखाली पाठवले.

थोड्या वेळाने आईची हाक आली, "गुणाऽऽ!"

तो गप्प. मी मधल्या झाडाखाली होते. मला दोघेही दिसत होते. तो फुले वेचता वेचता थांबला, दुसऱ्या हाकेची वाट पाहू लागला. आई मारीचना. ती कमरेवर हात ठेवून उभी. सुकरीबाईने टोपली खाली ठेवली. इतका वेळ गेला की मला भीती वाटली. शेवटी तो घाबराघुबरा होऊन ओरडला, "ओऽऽ! आई, काय झालं?"

"काई नाई झालं," आई तिथूनच म्हणाली. "विमान पडलं तुहं."

तो टोपली टाकून तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिले. मी खाली मान घालून फुले वेचू लागले.

सुकरीबाई मात्र चिडली. "बाई, हे काय शिकवून राह्यली पोराले? एक हाक मारून बसतेत का कोणी? वाघ आहेत इथी!"

"याच्या रानात वाघ नाईत, सुकरी," आई म्हणाली. "याच्या रानात उशीर आहे."

दुसऱ्या दिवशी दोनदा विमान पडले. तिसऱ्या दिवशी चारदा. आता सुकरीबाईलाही गंमत वाटू लागली होती. ती मोजत असे. "मुन्शीबाई, सरकारचं दिवाळं काढते तुहा पोट्टा!" गुणाभाऊ हसायचा, पण हाक आली की त्याचे ओठ हलताना मला दिसत आणि आवाज फुटत नसे. एकदा तो टोपलीवर बसून रडवेला झाला. आई त्याच्याजवळ गेली नाही. पाठ फिरवून उभी राहिली आणि पदराने डोळे पुसून पुन्हा हाक मारली.

आता विचार करते तेव्हा वाटते, ती हाक मारणे तिला किती जड गेले असेल. एकदा "डोमा" म्हणून आलेली हाक तिने जन्मभर कानात ठेवली होती. आणि आता तशीच एकटी हाक ती स्वतः आपल्या पोराला मारत होती, त्याने ओ द्यावी म्हणून.

दहाव्या दिवशी सकाळी धुके होते. कुणी कुणाला दिसत नव्हते. आईची हाक आली, "गुणा."

"ओ!"

ती ओ इतकी चटकन आली की झाडावरचे पोपट उडाले. सुकरीबाई "आई वं!" म्हणाली. धुक्यातून गुणाभाऊ धावत आला आणि आईपुढे उभा राहिला.

"आई, आली," तो म्हणाला. "आपोआप आली."

आईने त्याच्या केसांतली मोहाची फुले वेचून टोपलीत टाकली. "मग आता जा," ती म्हणाली. "तुह्या बापाले सांग, डेपोत जायच्या आधी सही करून ठेव म्हणून."

बाबांनी सही केली, आणि सवयीने कागदाच्या कोपऱ्यात दिवसाची तारीखही घातली, ओंडक्यावर घालत तशी. आम्ही त्याला बल्लारशाहच्या गाडीत बसवून आलो. वाटेत आईने एकही हाक मारली नाही.

गुणाभाऊने पुढे पंचवीस वर्षे विमाने चालवली. आता तो नव्वदीला टेकला आहे, नागपुरात लेकाकडे असतो, आणि त्याला तीन हाका लागतात. पण तो कानांचा दोष.

मला आठवते ती त्याची पहिली मोठी रजा, दोन वर्षांनंतरची. पुन्हा मोहाचेच दिवस. खाकी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून तो फुले वेचायला आला होता. आईने हाक मारली, "गुणा," आणि नाव पुरे व्हायच्या आत तो म्हणाला, "ओ!"

आई टोपली टाकून तणतणत त्याच्यापर्यंत गेली. "अरे, काई अक्कल? जंगल आहे हे! पहिल्याच हाकेले ओ देते का कोणी?"

"तूच त शिकवलं, आई!"

"ते तिथल्यासाठी. इथी आला की थांबत जा, बापा." आणि ती आपल्या झाडाखाली परत गेली. जरा वेळाने तिने पुन्हा हाक मारली, "गुणाऽऽ!"

गुणाभाऊने ओठ घट्ट मिटून घेतले आणि माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

"गुणाऽऽ!"

"ओऽऽ!"

"हं," आई म्हणाली, आणि फुले वेचू लागली.