साकामाचं सलून

मिनेगिशीबाई मांगा, म्हणजे चित्रकथा, काढायच्या, आणि मी त्यांच्या चित्रांत काळी शाई भरायचे. वयाने मी त्यांच्याहून मोठी, तरी 'बाई'च म्हणायचे. नेरिमातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत आमचा संसार: टेबलं, दौती आणि वाळत घातलेली पानं.

साप्ताहिकात त्यांची नवी मालिका सुरू झाली होती, 'साकामाचं सलून'. मेल्यावरही माणसाचे केस वाढत राहतात आणि ते कापल्याशिवाय त्याची सुटका होत नाही, म्हणून भुतं साकामा न्हाव्याकडे येतात, अशी कथा. पण भुतांना कुणी घाबरेना. वाचक आपली आवड कार्डांवर कळवायचे, त्यात आम्ही कायम तळाला.

शेवटी संपादक तोकुनागा आले. दारातच म्हणाले, "बाई, तीन भागांत गुंडाळा."

ते गेल्यावर मला रडूच फुटलं. बाई मात्र भाताचा गोळा खात म्हणाल्या, "अगं, बंदच पडायचंय ना? मग आता मनासारखं काढू!"

आणि त्या सुटल्याच. पुढच्या भागात मासळीवाल्याचं भूत खुर्चीत बसलं आणि घाबरवायचं सोडून बायकोची गाऱ्हाणी सांगू लागलं. "जन्मभर मिसोचं सार खारट केलं हिने. आता माझ्या तसबिरीपुढे ठेवते, तेही खारटच!"

"मान सरळ ठेवा," साकामा म्हणतो. "मग रोज प्यायला जाता कशाला?"

शाई भरताना मी हसले आणि डोळेही पुसले. तिसऱ्या भागात बाईंनी साकामालाच मारून टाकलं. पानं छापायला गेली.

दोनच दिवसांनी फोन आला. तोकुनागा इतके ओरडत होते, की मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू आलं. "बाई, कार्डांची पोती आलीत पोती! मासळीवाल्याने वेड लावलंय लोकांना! आपण पहिले! मालिका बंद करायची नाही!"

"अहो, पण न्हावी मेला!"

"मेला? कधी?"

"तुम्हीच पानं घेऊन गेलात ना? वाचली नाहीत?"

माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "बाई, मग आता त्याचे केस कोण कापणार?"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग रिसीव्हर हातातून सोडून त्यांनी मला अशी मिठी मारली, की दौत लवंडली. "त्याची मुलगी! तिला कात्रीसुद्धा धरता येत नाही! आणि हा मागे उभा राहून तिच्यावर खेकसतोय!" खाली लोंबकळणाऱ्या फोनमधून तोकुनागा ओरडत होते, "काढा! आजच काढा!"

त्या बापलेकींनी देशाला खुळं केलं. टीव्ही झाला, सिनेमा झाला, आमच्या बोटांना घट्टे पडले.

परवा साठावा खंड आला. बाईंच्या सहीसाठी रांग पुस्तकाच्या दुकानापासून पार स्टेशनपर्यंत. एक आजी आणि तिची नात, मासळीवाला भला की साकामा, यावरून कडाकडा भांडत होत्या. बाई टॅक्सीच्या काचेला नाक लावून बसल्या होत्या.

"उतरा आता, लोक खोळंबलेत," मी म्हटलं.

"थांब गं," त्या म्हणाल्या, "कोण जिंकतंय ते बघू दे."