मिस्टर ऑस्टरहाउट यांची कल्पनाशक्ती

वेंडेल ऑस्टरहाउट हा मोठा चित्रकार आहे, असं लिबी हावरानेकला एकदाही वाटलं नाही. दोन वर्षं त्याच्यासाठी एका पायावर उभं राहिल्यावर तर तो बरा माणूस आहे असंही वाटेना.

तो कॅलेंडरवरच्या बायका रंगवायचा. त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे बावन्न साली, शिकागोच्या निम्म्या गॅरेजांत आणि न्हाव्यांच्या दुकानांत त्याची बाई लटकत होती. प्रत्येक महिन्यात तिच्यावर एकच प्रसंग गुदरायचा. स्कर्ट कशात तरी अडकायचा, फाटकात, कुत्र्याच्या पट्ट्यात, नाहीतर लिफ्टच्या दारात, आणि ती तोंडाचा चंबू करून आपल्याच मांड्यांकडे नवलानं बघायची. इतकी धांदरट बाई शिकागोत आठवडाभर टिकली नसती, असं लिबीचं मत होतं.

लिबी स्वतः शिकागोला लागूनच असलेल्या सिसरोत काकाच्या बेकरीत पहाटेपासून उभी असायची. दुपारी बस पकडून ऑस्टरहाउटच्या घराच्या माळ्यावर यायची. तिथलं फाटक म्हणजे स्वयंपाकघरातली खुर्ची आणि कुत्रा म्हणजे उशी. स्कर्ट मासे धरायच्या दोरीनं इस्त्रीच्या फळीला बांधलेला. माळ्यावर गारठा इतका की लिबी पायांतले लोकरी मोजे काढायची नाही. फोटो काढायची ऑस्टरहाउटची बायको, अ‍ॅडलीन. दिवे कुठे ठेवायचे, हनुवटी किती वर, वजन कुठल्या पायावर, सगळं तीच ठरवायची. लग्नाआधी तिनं नऊ वर्षं एका फोटो स्टुडिओत काढली होती. तिचं काम झालं की साहेब उठायचे. यंत्रातून फोटो कॅनव्हासवर पाडायचा, पेन्सिलीनं गिरवायचा, पाय वीतभर लांबवायचे, मोजे उतरवायचे आणि लिबीच्या नाकाच्या जागी आपलं ठेवणीतलं नाक बसवायचं. याला ते प्रतिभा म्हणायचे.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी रविवार पुरवणीचा बातमीदार मुलाखतीला यायचा होता. बीमन त्याचं नाव. तो चारला येणार म्हणून अ‍ॅडलीननं दुपारी फोटो काढून घेतले, धुतले आणि न्हाणीघरात दोरीवर वाळत घातले. बीमन तीनलाच दारात हजर. ऑस्टरहाउटनं यंत्रावर गोधडी टाकली आणि लिबीच्या हातात एप्रन कोंबला.

"आज तू मोलकरीण. बोलू नकोस, कॉफी ओत."

लिबी निघून गेली असती, पण हा माणूस काय बोलतो ते तिला ऐकायचं होतं.

"मॉडेल कोण असते तुमची?" बीमननं विचारलं.

"मॉडेल नवशिक्यांना लागते." ऑस्टरहाउट खुर्चीत मागे रेलला. "मी डोळे मिटतो. आणि ती येते."

"फोटोसुद्धा नाही?"

"फोटो मेलेला असतो हो. त्यात कल्पना कुठून येणार?"

अ‍ॅडलीन साखर ढवळत होती. ती ढवळतच राहिली. लिबीनं साहेबांच्या कपात कॉफी ओतली ती बशीत सांडेपर्यंत ओतली.

मग बीमननं न्हाणीघर कुठे आहे ते विचारलं. ऑस्टरहाउटनं ऐटीत बोट दाखवलं. तिथे काय टांगलंय हे त्याच्या गावीही नव्हतं. त्यानं घरातलं काही कधी टांगलं असेल तर ना.

बीमन आत बराच वेळ होता. बाहेर आला तेव्हा त्यानं आधी लिबीचा चेहरा पाहिला आणि मग तिचे मोजे. जाताना ती त्याचा कोट द्यायला दाराशी गेली, तेव्हा हळूच म्हणाला, "पाय दुखत असतील."

"डावा दुखतो. उजव्याला सवय झालीय."

तो हसला. आता हा खरं काय ते छापणार, असं लिबीला वाटलं.

दुसऱ्या रविवारी लेख आला. 'मिटल्या पापण्यांआडची सुंदरी.' सगळं ऑस्टरहाउटच्या शब्दांत, वर घरातल्या अबोल मोलकरणीबद्दल एक प्रेमळ ओळ. लिबीनं बेकरीतून वर्तमानपत्राला फोन लावला.

"तुम्ही तर फोटो बघितले होते."

"बघितले," बीमन म्हणाला. "छानच होते. पण ही बाई खरोखर कुठेतरी राहते, सकाळी कामाला जाते, हे वाचायचंय कुणाला?"

"मला."

"म्हणजे तुम्ही एकट्याच, बाई."

चित्रकार लबाड होता, पण त्याला निदान आपली लबाडी खरी वाटत होती. या माणसाला सगळं माहीत होतं. लिबीला त्याचीच जास्त किळस आली.

तिकडे अ‍ॅडलीननं न्याहारीच्या टेबलावर तो लेख मोठ्यानं वाचून दाखवला, घडी घातली आणि कॅमेरा ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं.

"पेपरात आलंय, वेंडेल. डोळे मीट. येईल ती."

त्यानं तीन आठवडे डोळे मिटले. शिडीवर चढून सफरचंदं तोडणारी बाई काढायची होती. ती आली खरी, पण तिचं कोपर उलट्या बाजूला वाकत होतं आणि दोन्ही पावलं डावी होती. कॅलेंडर कंपनीनं चित्र परत पाठवलं. सोबतच्या पत्रात, आपली प्रकृती ठीक आहे ना, अशी सभ्य चौकशी होती.

शनिवारी सकाळी ऑस्टरहाउट बेकरीत उगवला.

"लिबी, जरा बाहेर ये."

"रांग आहे. मागे उभे राहा."

राहिला. पुढे तीन जणी होत्या आणि त्यांतल्या शिमेकबाईला तर घाई म्हणून नव्हती. अखेर काउंटरपाशी पोचून तो कुजबुजला, "पाचच फोटो हवेत. अ‍ॅडलीन म्हणते, तू आलीस तर ती काढेल."

"काय हवंय? मोठ्यानं बोला, मागे भट्टी चालू आहे."

"फोटो," तो म्हणाला. शिमेकबाई दारातून परत फिरली.

"फोटो मेलेला असतो ना?"

"लिबी, ते मुलाखतीपुरतं बोलणं होतं."

"येते. पण चित्राखाली तुमच्या नावाशेजारी अ‍ॅडलीनचं नाव घाला. फोटो तिचा, असं."

"कॅलेंडरवर दोन नावं? लोक काय समजतील?"

"जे आहे ते."

त्याचा चेहरा कणकेसारखा झाला. एवढी अपमानाची गोष्ट त्याला आयुष्यात कुणी सुचवली नव्हती. त्यानं खसखस भरलेले सहा कोलाचे, म्हणजे गोड पाव, घेतले, कारण शिमेकबाई बघत होती, आणि निघून गेला.

त्याचं वाईट काही झालं नाही. त्यानं एक पोरगेला फोटोग्राफर धरला, दुसरी मुलगी धरली, आणि शिकागोच्या गॅरेजांत स्कर्ट अडकतच राहिले. पुढे त्याच्या चित्रांची प्रदर्शनंही भरली आणि मिटल्या पापण्यांची गोष्ट तिथे भिंतीवर लावलेली असायची.

अ‍ॅडलीन मात्र त्या उन्हाळ्यात ट्रंक घेऊन जॉलिएटला बहिणीकडे गेली ती परतली नाही. पुढच्या वर्षभरात काढलेले लिबीचे बारा फोटो तिनं तिथल्या एका लहान छापखान्याला विकले. ट्रॅक्टर विकणाऱ्या एका दुकानदाराच्या कॅलेंडरसाठी. लिबी भट्टीपुढे, लिबी बर्फात बसची वाट बघताना, लिबी जिन्यावर बसून पाय चोळताना. खाली बारीक अक्षरांत अ‍ॅडलीनचं नाव. खप बेताचाच झाला. पण ट्रॅक्टरवाल्यानं पुढच्या वर्षीही मागितलं, आणि काकानं ते पाव ठेवायच्या फळीवर लावलं.

शिमेकबाईनं चष्मा चढवून नोव्हेंबरचं पान, जिन्यावर पाय चोळणारी लिबी, नीट पाहिलं.

"हिचा स्कर्ट कुठे अडकला नाही?"

"नाही."

"मग ही करतेय काय?"

"दमलीय," लिबी म्हणाली आणि पुढच्या बाईला काय हवं ते विचारलं.