पोर्ट लुईच्या बाईची मूठ

शनिवारी सकाळी दहा वाजता, नरडाण्यात, कानबाईच्या रोटांसाठी गहू मोजताना भिकुबाईने एक मूठ जास्तीची टाकली. समोर तिची थोरली जाऊ झुंबरबाई गहू पाखडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं.

"कोना नावनी शे ही?"

"पोर्ट लुईवालीनी."

"काढ ती बाहेर."

भिकुबाईने मूठ काढली नाही. पुढची टाकलीही नाही. हात तसाच पाटीवर ठेवून ती बसून राहिली.

कानबाई ही खानदेशात श्रावणात बसणारी देवी, आणि तिचे रोट म्हणजे भाऊबंदांची गोष्ट. घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू धरायचा, त्याचे जाड रोट भाजायचे, देवीपुढे ठेवायचे आणि पौर्णिमेच्या आत भाऊबंदांनीच संपवायचे. शेजारी कितीही जिवाभावाचा असला तरी त्याला पुरणपोळी मिळते, रोटाचा तुकडा मिळत नाही. दोन्ही जावांची घरं वेगळी होऊन पंधरा वर्षं झाली होती. शेत वेगळं, चूल वेगळी. कानबाई मात्र एकच होती, आणि दोन्ही घरांचा गहू एकाच पाटीत पडत होता.

घोळ मागच्या श्रावणात, म्हणजे १९९० साली झाला. भिकुबाईचा मुलगा निंबा नौदलात आहे. कानबाईला तो दोन दिवसांची रजा काढून आला आणि जाताना आपल्या वाट्याचा रोट डब्यात घालून घेऊन गेला. त्याच आठवड्यात त्याचं जहाज मॉरिशसला निघालं. लढायला नाही, सदिच्छा भेटीला. अशा भेटीत जहाजावर पताका लावतात, बंदरात बँड वाजतो, कप्तान आणि तिथले मोठे लोक एकमेकांना ढाली देतात, शाळेची मुलं तोफांना हात लावून बघतात. एका संध्याकाळी गावातली कुटुंबं खलाशांना घरी जेवायला नेतात. पोर्ट लुईमध्ये निंबाला जी बाई घेऊन गेली तिचं नाव सोनूबाई. तिचा पणजोबा कोकणातून ऊस तोडायला गेलेला. तिला मराठी मोडकी येत होती, पण "पोट भरलं का?" एवढं ती स्वच्छ विचारायची.

रिकाम्या हाताने जेवायला कसं जायचं, म्हणून निंबाने कपाटातला डबा उघडला आणि अर्धा रोट नेला. ती खात आली तेव्हा त्याला रीत आठवली. त्याने ती सांगितली. बाईने हातातला शेवटचा घास पाहिला आणि विचारलं, "मग मी कोण झाले?"

"आता घरची," निंबा म्हणाला.

दिवाळीला घरी आल्यावर त्याने हे हसत सांगितलं. झुंबरबाई हसली नव्हती. "पौर्णिमा टळी गयी तरी रोट ठेवा, आनी तो बी परक्या बाईले दिधा," ती म्हणाली होती. भिकुबाईचा नवरा हिलाल ओट्यावर बिडी ओढत होता. तो म्हणाला, "सरकारनी त्याले दोस्ती कराले धाडं व्हतं. यानी नातंच जोडी टाकं."

भिकुबाईने त्या दिवशी एवढंच विचारलं होतं, की बाईने जेवायला काय वाढलं. निंबा म्हणाला, "माय, नको म्हनं तरी ताटात टाकेच. तुनासारखीच." त्यानंतर त्या बाईचा चेहरा नसलेला हात भिकुबाईला पुष्कळदा दिसला. भात वाढणारा. तिने स्वतः समुद्र पाहिला नव्हता. मुलगा पाण्यावर असला की तिला जेवण गोड लागत नसे, आणि त्या पाण्याच्या पलीकडे कुणीतरी त्याला दुसऱ्यांदा वाढलं होतं.

आता ती बाई येणार होती. पणजोबाचं गाव बघायला ती मुंबईत उतरली होती. निंबाचं जहाज पुन्हा निघून गेलं होतं, या वेळी कोलंबोला, पण जाण्याआधी त्याने सोसायटीच्या फोनवर निरोप ठेवला होता. तिथला सचिव मगन गुरुवारी सांगून गेला: बाई रविवारी सुरतच्या गाडीने येते, निंबाचा दोस्त तिला गाडीत बसवून देईल, कानबाईला आपल्याच घरी राहायचं म्हणते.

"येऊ दे ना," झुंबरबाई म्हणाली. "पुरण खाऊ घाल, लुगडं नेसव. रोट कशाले?"

"अक्का, त्यानी आपला घरना शब्द दिधा."

"पोऱ्या शे तो. बोली गया."

"बोलना ते आपलाच ना?"

मग झुंबरबाईने दुसरी वाट काढली. निंबा यंदा घरी नाही. त्याची मूठ बाईच्या नावावर धरायची. माप वाढणार नाही, रीतही मोडणार नाही, बाईला घासही मिळेल.

"नही," भिकुबाई म्हणाली. "निंबानी मूठ निंबानीच ऱ्हाई. तो पानीवर शे."

"मंग मी मना गहू उचलस. तुनी कानबाई तू कर."

पंधरा वर्षांत दोन्ही घरांत एवढंच एक उरलं होतं. भिकुबाईने पाटी जावेकडे सरकवली. "उचल, अक्का. मी तुले कसी आडवू? पन ती बाई मना पोऱ्याले जेवाडीसन बसनी शे. तिले मी वसरीवर बसाडू?"

झुंबरबाईने पाटीत हात घातला. बराच वेळ तिची बोटं गव्हात फिरत राहिली. गहू कुठला कुणाचा, हे आता कुणालाच वेगळं काढता आलं नसतं.

"मूठ टाकी," ती शेवटी म्हणाली, "आनी पाव कोन टाकी? सव्वा ऱ्हास ना? अर्धवट माप कानबाईले चालत नही." तिने आपल्या सुपातला पाव मूठ गहू घेऊन पाटीत सोडला आणि पुन्हा पाखडायला लागली. "ती भात खानारी. आपला रोट तिले पचतीन का नही, देव जाणे."

"मागला वरीसना पचना."

"तो अर्धा व्हता."

रविवारी दुपारी कानबाई बसली. हिलाल धुतलेली टोपी घालून स्टेशनवर गेला. चारची गाडी पाच वाजले तरी आली नाही. झुंबरबाईने रोट भाजताना दोनदा विचारलं की बाईला बसायला पाट द्यायचा की सतरंजी, आणि दोन्ही वेळा स्वतःच सांगितलं की पाट.

साडेपाचला मगन सायकलवरून निरोप घेऊन आला. गाडीने दोंडाईचं सोडलं होतं, तासाभरात ती नरडाण्यात येणार होती. बाई गाडीत बसली की नाही, हे स्टेशनमास्तरला माहीत नव्हतं. झुंबरबाईने तरी पाट मांडून ठेवला.