पाहुणा दिग्दर्शक

मागील भागांत

वॉल्टर ग्रीव्हने अमेरिकेत आयुष्यभर टीव्ही मालिका केल्या. स्वतःची एकही नाही. मालिका दुसऱ्याची, पात्रं दुसऱ्याची, हा आठवड्याभराचा पाहुणा दिग्दर्शक. यायचं, एक भाग चित्रित करायचा, निघायचं. याने ज्यांचं लग्न लावलं त्यांचा घटस्फोट दुसऱ्याच कुणी घडवला. मेलेली माणसं पुढच्या भागात जिवंत झाली, तेव्हा हा तिसऱ्याच मालिकेच्या पोलीस ठाण्यात होता. परक्यांच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन कुठून येतं हे त्याला पाठ. स्वतःच्या ओट्यावरचा दिवा कधी गेला ते मात्र आठवत नसे.

वॉल्टर सगळ्यांना वेळेत घरी सोडतो, एवढीच त्याची कीर्ती. त्यावर चार दशकं फोन वाजला. मग वाजेनासा झाला. मग एकदा सौदीहून वाजला.

प्रसंग : जुबैल, पाइपांचं जुनं गोदाम, आता स्टुडिओ

मालिका अरबी. वॉल्टरला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्याचा साहाय्यक खुर्शीद हैदराबादचा, तो दुभाषाही. सुतार मात्र सगळे कोकणातले, कारखान्यांची कामं करून इकडे वळलेले. त्यांचा म्होरक्या राजापूरचा विश्वनाथ.

शेवटच्या दिवशी वॉल्टरने निर्माती अरवाकडे एक गोष्ट मागितली. पटकथेत नसलेला एक शॉट. नवरा गेला म्हणून मातमपुरशीला आलेले लोक गेलेत. विधवा स्वयंपाकघरात कॉफीच्या इवल्या वाट्या विसळते, टेबलाशी येऊन बसते. बस्स. संवाद नाही, संगीत नाही, कट नाही. तिला उठावंसं वाटेपर्यंत कॅमेरा चालू.

"कशासाठी?" अरवाने विचारलं.

"माझ्यासाठी," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला. असं तो कामावर कधी बोलला नव्हता.

"वेळ उरला तर घ्या."

वेळ उरला. तो उरवणं हेच तर त्याचं काम.

नायिका रंगभूषेला गेली. शॉट संपला की सगळे बसकडे पळतात, मग कुणी सापडत नाही. म्हणून वॉल्टर नेहमी शेवटच्या शॉटच्या आधीच आभार मानून घेई. आजही त्याने एकेका सुताराचा हात हातात घेतला, आणि कॉफी प्यायला बाहेर गेला.

तोच प्रसंग, सुतारांच्या बाजूने

"विसूदा, म्हातारबा चालला वाटतं," एक सुतार विश्वनाथला म्हणाला.

"हात मिळवला म्हणजे चालला. सामान गाडीत पडल्याबिगर कोण हात मिळवतो काय?"

खरंच होतं. कामगारांच्या कॅम्पात माणूस कायमचा घरी निघाला की सामान गाडीत टाकून मगच सगळ्यांचे हात हातात घेई. गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत त्याची गादी गुंडाळलेली असे. नवा माणूस यायचाच असे.

"आपल्यात जेवला पण नाही," समाधान म्हणाला.

"जेवतोय! त्या दिवशी तुझी सुकटीची चटणी हुंगून पळाला तो. यल्ला, चल, भिंत काढ. उद्या इथे इस्पितळाचा सेट उभा करायचाय."

प्रसंग : तीच जागा

वॉल्टर परतला तेव्हा स्वयंपाकघर नव्हतं. भिंती आडव्या, टेबल उलटं, मोरीचा पाइप सुटलेला.

"किसने बोला तोड़ने को?" खुर्शीद ओरडला.

"साहेबांनी हात मिळवला ना!" विश्वनाथ म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा उतरला.

खुर्शीदने समजावलं तेव्हा वॉल्टरला आधी हसूच आलं. ते टिकलं नाही.

विश्वनाथने बाही वर केली. "खुर्शीदभाई, साहेबांना सांगा, पुन्हा उभं करतो. बस चुकून मेसचं जेवण गेलं तर गेलं."

"तुमचं गेलं तर गेलं, आमचं का?" मागून कुणीतरी पुटपुटलं. बाहेर कंपनीच्या बसने हॉर्न दिला.

अरवा आली. तिने आडव्या भिंती पाहिल्या, मग वॉल्टरकडे पाहिलं. "भाग पूर्ण आहे. पण तुम्ही म्हणालात तर थांबवते सगळ्यांना. बोला."

एक शब्द पुरला असता. 'थांबा.' दर वेळी तो तोंडाशी आला की वॉल्टरने गिळला होता. गिळत आला म्हणून तर पुढचं काम मिळत गेलं. आता पुढचं काम नव्हतं. गिळायची सवय तेवढी उरली होती.

"जाऊ द्या त्यांना," तो म्हणाला.

विश्वनाथ जरा रेंगाळला. हॉर्न पुन्हा वाजला, तसा तोही गेला. अरवा पुढच्या भागाच्या दिग्दर्शकाला आणायला गेली. कॅमेरा पेटीत गेला.

इथे जाहिराती येतात

प्रसंग : तीच जागा, रिकामी

नायिकेला कुणी कळवलंच नव्हतं. ती आली ती पूर्ण तयारीनिशी. काळा अबाया, सुजवलेले डोळे, खांदे आधीच पडलेले. वॉल्टरने मनात पाहिलेली बाई हीच. तिने मोकळ्या फरशीवर नजर फिरवली. तिला वाटलं, या म्हाताऱ्याला असंच हवं असेल, कॅमेऱ्याआधी एक तालीम.

"कुठे बसू?" तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

वॉल्टरने ढिगातून एक खुर्ची ओढली, फुंकून पुसली, तिच्यापुढे ठेवली. ती बसली. हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिली, आणि तो तिच्याकडे. किती वेळ बसू द्यावं, ते त्याला ठरवता येईना.