तिसरा गज

पितांबर महाल्यांनी पहिल्या गजावर हातोडी मारली आणि कान जवळ नेला. ठप्. दुसऱ्यावर मारली. ठप्. सागाच्या चौकटीत खोल बसलेलं लोखंड असंच बोलतं, पोटभर जेवलेल्या माणसासारखं, एका शब्दात. तिसऱ्यावर मारली, तेव्हा मात्र गज जरा वेळ बोलत राहिला.

खिडकीबाहेर धुरपदाबाई फरशीवरचे सिमेंटचे डाग विटेच्या तुकड्यानं घासत होती आणि घासण्याच्या लयीवर गुणगुणत होती :

लेकराची झोप बाई, पाण्यावरला गं बुडबुडा
हळू टाक पाय वाऱ्या, नको वाजवू कवाडा

तिसऱ्या गजाशी ओवी तुटली. वीटही थांबली.

महाल्यांनी चौथा गज वाजवला. ठप्. बाहेर वीट पुन्हा चालू लागली, ओवी जिथं सुटली होती तिथूनच तिनं उचलली. दुसऱ्या खिडकीशीही तेच झालं. तिसऱ्या खिडकीपाशी महाल्यांनी मुद्दाम क्रम मोडला. पाचवा, पहिला, मग एकदम तिसरा. ओवी "हळू टाक"वर अडकली.

गजापेक्षा बाईचं गप्प होणं त्यांनी जास्त नीट ऐकलं.

एरंडोलच्या अलीकडे, रस्त्यापासून दोन शेतं आत, ही नवी इमारत उभी राहिली होती. कोर्टानं पाठवलेल्या चाळीस मुलांसाठी. मुलं सध्या जळगावात एका भाड्याच्या वखारीत होती, सोमवारी ट्रकनं इथं यायची होती, आणि त्याआधी बांधकाम खात्याचे ओव्हरसिअर म्हणून महाल्यांची सही लागत होती. हातातल्या तपासणीच्या तक्त्यात सत्तावीस कलमं होती. कुंपणाची भिंत नऊ फूट, वर काचा. दाराची कडी बाहेरून. दोन गजांमध्ये चार इंचांपेक्षा जास्त अंतर नको. छताला कडी किंवा आकडा नको. हे कलम कशासाठी ते कळताच महाल्यांनी वर न बघता घाईनं खूण केली होती, मग पुन्हा वर बघून खात्री केली होती.

सात वर्षांपूर्वी त्यांनी ओढ्यावरच्या एका मोरीवर ठेकेदाराच्या शब्दावर सही केली होती. पहिल्याच पुरात मोरी गेली, तिच्यासोबत एक बैलजोडी गेली, आणि महाले वर्षभर घरी बसले. तेव्हापासून स्वतः ठोकून पाहिल्याशिवाय ते कशावर विश्वास ठेवत नसत. घरी बायको म्हणायची, नारळ घेताना ठोकता ते ठीक, भाकरी तरी ठोकू नका.

"साहेब," दारातून ठेकेदार दलिचंदशेठ म्हणाले, "डॉक्टरसुद्धा आजाऱ्याला इतकं ठोकून बघत नाही. चहा गार होतोय."

"नको."

"चहात काय मी वाळू जास्त घातलीय?"

महाल्यांनी मापपट्टी काढून तिसऱ्या गजाची जाडी पाहिली. पाच सूत, बरोबर. शेजारच्याची पाहिली, तीही पाच सूत. लोखंड चोरलेलं नव्हतं. त्यांना थोडं वाईटच वाटलं, कारण चोरी असती तर ती कुठल्या कलमात लिहायची हे त्यांना ठाऊक होतं.

"गज कोणी बसवले?"

"जीवरामनं. धरणगावचा लोहार. हात देवाचा आहे त्याचा. फाटकाची बिजागरी बसवतोय."

"त्याला पाठवा. आणि तुम्ही जेवून या, शेठ."

दलिचंदशेठ टोपी सारखी करून गेले. महाल्यांनी खिडकीतून धुरपदाबाईला हाक मारली. मुलांचं सगळं तीच पाहायची, साफसफाईसाठी आधी आली होती. चांगली दणकट, रुंद हाडाची बाई. पदराला हात पुसत ती उभी राहिली.

"बाई, मी तिसरा गज वाजवला की तुम्ही गप्प का होता?"

"माले काय माहीत, साहेब? गज का गाणं म्हनतस?"

"तुम्ही म्हणत होतात."

"मंग तुमना ठोक्यानं मना ताल चुकना व्हई." ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "बठ्ठा गज सारखाच शेतस."

"मी सारखे आहेत का, असं विचारलं नव्हतं."

बाई पुन्हा खाली बसली आणि वीट जोरानं घासू लागली. आता ओवी नव्हती.

जीवराम आला तो हाताला काजळी घेऊन. साठीचा, वाकलेला, डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या भाजल्याची गुळगुळीत कातडी. महाल्यांनी तिसरा गज धरून ओढला, ढकलला, पिळून पाहिला. गज हलला नाही.

"हा कसा निघतो?"

"निघत नाही, साहेब."

"मग बोलतो का?"

जीवराम खिडकीबाहेर बघत राहिला. उघड्या फाटकातून दूर रस्त्यावर कापसाच्या गाड्या चाललेल्या दिसत होत्या. वाटेतल्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकले होते.

"ठीक आहे," महाले म्हणाले. "दाराला बाहेरून कुलूप लाव. किल्ली घे आणि त्या निंबाखाली जाऊन बस. एक बिडी संपेपर्यंत. बाईलाही ने."

"तुम्ही मझार?"

"मी आत."

कुलूप लागलं. दोघांची पावलं लांब गेली. रिकाम्या दालनात नव्या चुन्याचा वास होता आणि दुपारची धग छतावरून खाली उतरत होती. महाल्यांनी उगाचच एकदा दार ढकलून पाहिलं. दार पक्कं होतं. त्यांनीच थोड्या वेळापूर्वी त्याच्यापुढे बरोबरची खूण केली होती.

ते गजापाशी आले. ओढून नाही, ढकलून नाही, पिळून नाही. घाम पुसताना त्यांना बापाची बैलगाडी आठवली. कडबा उतरवताना बाप गाडीच्या कडेचे खुंट काढायचा. खुंट कधी ओढायचा नसतो. त्यांनी गज दोन्ही हातांनी धरून वर उचलला. वरच्या लाकडात तो बोटभर चढला, खालचं टोक भोकातून सुटलं आणि किंचित तिरकं करताच अख्खा गज त्यांच्या हातात आला.

खालचं टोक कानशीनं घासून गोल केलं होतं. हाताला लागू नये म्हणून. भोकाची कडही मऊ केली होती. इतकं निगुतीचं काम महाल्यांनी साहेबांच्या बंगल्यावरही पाहिलं नव्हतं. आणि त्यांचा संशय त्या गुळगुळीत टोकाशी येऊन धारदार झाला. कोणीतरी मुलं बाहेर काढायची पक्की सोय केली होती. कोणासाठी? किती घेऊन?

आठ इंचांच्या त्या फटीत त्यांनी डोकं घातलं. डोकं गेलं. एक हात गेला. खांदा अडकला. श्वास सोडून, आडवं होऊन पाहिलं, छाती अडकली. काही क्षण ते तसेच राहिले, अर्धे उन्हात, अर्धे कुलुपात. मग त्यांनी अंग मागं घेतलं. सदऱ्याचं एक बटण तुटून बाहेर फरशीवर पडलं.

"जीवराम!"

दोघं आले. खिडकीच्या अलीकडे महाले, हातात गज. पलीकडे ती दोघं.

"कोणाकडून किती घेतलेस?"

"काहीच नाही, साहेब."

"फुकट कोणी इतकं घासत नाही. सोमवारी मुलं येणार, मंगळवारी निम्मी पसार. चौकशी माझ्यावर. मी आत्ता पोलिसात कागद दिला तर तुझं काय होईल, ठाऊक आहे?"

"शे." जीवरामनं काजळीचे हात धोतराला पुसले. ते पुसले गेले नाहीत. "साहेब, धरणगावकडं कापसातली सरकी काढायचं एक जिन व्हतं. नाव नका विचारू, आता ते नाही. बाया कापूस चोरतात म्हणून रात्रपाळीला बाहेरून कुलूप. खिडक्यांचे गज माझ्या हातचे. मालकानं बसवून झाल्यावर फेटा बांधला मला, म्हणाला, जीवराम, हत्ती लावला तरी हालणार नाहीत."

धुरपदाबाईनं तोंड फिरवलं. तिला हे पाठ असावं.

"कापूस पेटला. किल्लीवाला जेवायला गावात गेलेला. लोक मला बोलवायला आले, जीवराम, तुझे गज तूच तोड. मी छिन्नी लावली. एक तोडला. दुसरा तोडला. आतून बाया माझ्याच नावानं हाका मारत व्हत्या, कारण गावातल्याच ना. तिसऱ्यावर घण घातला तवा..." त्यानं भाजलेला हात दुसऱ्या हातात धरला. "तवा कोणी हाक मारीना."

रस्त्यावरच्या गाडीवानानं बैलांना शीळ घातली.

महाल्यांनी तक्ता उघडला. सत्तावीस कलमं त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली, मग खालपासून वर. आत ठेवण्याबद्दल सगळं होतं.

"मुलांना हा गज दोन दिवसांत सापडेल," ते म्हणाले. आवाज अजून अधिकाऱ्याचा होता, पण त्यातली धार बसली होती. "पोरांची बोटं असतात. ती पळतील."

"पळंल एखादा," जीवराम म्हणाला. "पळालेला सापडतो, साहेब."

महाल्यांनी नकाशाची गुंडाळी काढून खिडकीच्या कट्ट्यावर पसरली. दालनात चाळीस बिछान्यांच्या रेघा होत्या आणि दाराशेजारी एक वेगळी, जरा लांब रेघ.

"ही खाट कोणाची?"

"मनी शे," धुरपदाबाई म्हणाली.

"तुम्ही रात्री आत झोपता?"

"मझारच. ल्हाना पोरं रातले उठतस, रडतस. कुलूप बाहेरून. किल्ली मोठ्या साहेबाच्या बंगल्यावर."

अधीक्षकांचा बंगला फाटकातून दिसत होता. शेताच्या पलीकडे, इथून वीतभर उंचीचा.

"आणि हा गज तुम्हाला माहीत होता."

"मीच दखाडा त्याले, कोन्ता करना ते." ती आता सरळ बोलत होती; कोणता गज सैल करायचा ते तिनंच जीवरामला दाखवलं होतं. "या चारी खिडक्यांखाले ल्हाना निजतीन. मोठा हात देतीन त्यास्ले."

"आणि तुम्ही?"

बाईला प्रश्न कळायला क्षण गेला. मग ती मोकळी हसली, पहिल्यांदाच डोळ्यांसकट. खिडकीतल्या फटीकडं आणि स्वतःकडं तिनं एकदा पाहिलं.

"मी? ओ साहेब, म्हैस का मांजरीना वाटंनी जास? चाळीस पोरं काढता काढताच मना जीव दमी जाई. मंग बससू निवांत."

जीवराम हसला नाही. तो खाली, फरशीवर पडलेल्या बटणाकडं पाहत होता. त्याला हे आधीच सुचलं होतं आणि त्यानं ते कोणापाशी बोलून दाखवलं नव्हतं, एवढं महाल्यांना त्या वाकलेल्या मानेवरून कळलं. एक सैल गज कदाचित कोणाच्या लक्षात येणार नाही. दोन असले, तर ओव्हरसिअर ठोकून बघतोच.

"दार उघड," महाले म्हणाले.

कुलूप निघालं. ते बाहेर आले ते गज हातात घेऊनच, आणि खिडकीला बाहेरून वळसा घालून तिसऱ्याच्या जागी त्यांनी तो स्वतः बसवला. वर चढवून, खाली सोडून. टक् असा बारीक आवाज झाला. मग फरशीवर बसून मांडीवर तक्ता घेतला. चौदावं कलम, दोन गजांमधलं अंतर. त्यांनी मापपट्टी लावली आणि होतं ते लिहिलं : पावणेचार इंच. पंधरावं, गजांची जाडी. पाच सूत. एकही अक्षर खोटं नव्हतं. तरीही सही करताना पेन दोनदा अडलं. मोरीवरची सही त्यांनी एका झटक्यात केली होती.

शाई वाळेपर्यंत ते तसेच बसले. धुरपदाबाईनं वीट उचलली, पण घासायला सुरुवात केली नाही.

महाले उठले. हातोडी काढून त्यांनी चौथ्या गजावर मारली. ठप्. मापपट्टी दुसऱ्या गजापासून पाचव्यापर्यंत ताणली, मधले दोन जणू नाहीतच अशी.

"साडेबारा इंच," ते म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं.

बाईकडं त्यांनी पाहिलं नाही. पट्टी गुंडाळून खिशात टाकली, हातोडी जीवरामच्या हातात दिली.

"शनिवारी सुट्टी आहे मला. तुमची छिन्नी आणा, नाना. चारी खिडक्या आहेत, एकट्यानं व्हायच्या नाहीत."